छताच्या रंगाचे पोपडे: कारण शोधण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

छताचा रंग सुटायला लागला की पहिला संशय रंगाच्या डब्यावर जातो. कंपनी बदलू, महागातलं इमल्शन (पाण्यात मिसळायचा प्लास्टिक रंग) घेऊ, पेंटरने पाणीच जास्त घातलं असेल, अशी चर्चा सुरू होते. बहुतेक घरांत दोष रंगाचा नसतोच. रंग ज्या थराला धरून बसलेला असतो तो थर सुटलेला असतो, आणि वर कितीही भारी रंग मारला तरी तो त्या थराबरोबरच खाली येतो. म्हणून खर्चाचा अंदाज काढण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं: नेमका कुठला थर सुटलाय आणि का?

इथे आरसीसी, म्हणजे आत लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटच्या स्लॅबचं छत गृहीत धरलं आहे. मुंबई-ठाणे-पुण्यातले फ्लॅट, कोकणातली आणि गोव्यातली स्लॅबची घरं, बहुतेकांचा प्रश्न हाच असतो. कौलारू घरातल्या लाकडी माळ्याचं काम पूर्णपणे वेगळं, ते इथे नाही.

पोपड्याची मागची बाजू बघा

उचललेल्या रंगाखाली पुट्टी लावायचा, खरवडायचा पत्रा सरकवून तळहाताएवढा तुकडा सोडवा. एक तुकडा पोपड्याच्या मधून घ्या आणि एक काठावरून, जिथे रंग अजून बऱ्यापैकी धरून आहे. तुकडा उलटा करून उजेडात बघा, आणि तो जिथून निघाला ती छतावरची जागाही बघा. पुढच्या कामाचा निर्णय या दोन पृष्ठभागांवरून होतो.

तुकड्याच्या मागे पांढरी भुकटी, बोट फिरवलं की बोट पांढरं आणि छतावरही तसाच पिठासारखा थर, म्हणजे खाली चुना किंवा जुना साधा डिस्टेंपर (खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग) आहे. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या घरांत हे सर्रास सापडतं. दर दिवाळीला चुन्याचा एकेक हात चढत गेलेला असतो आणि शेवटी कोणीतरी त्यावर थेट इमल्शन मारलेलं असतं. चुन्याची स्वतःची ताकद कमी. इमल्शन वाळताना आकसतं, त्याचा पापुद्रा ताणला जातो आणि तो चुन्याला स्लॅबपासून ओढून काढतो.

तुकड्याबरोबर पुट्टीचा (रंगाआधी पृष्ठभाग गुळगुळीत करायच्या लेपाचा) जाड थर आला आणि मागे करडं, गुळगुळीत काँक्रीट दिसलं, तर पुट्टीने स्लॅबला धरलेलंच नाही. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये (काँक्रीट ओतायच्या साच्यात) ओतलेल्या नव्या इमारतींत हे जास्त होतं. शटरिंग सुटावं म्हणून प्लेटला तेल लावतात, त्याचा पातळ थर काँक्रीटवर राहतो. शिवाय पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की पुट्टीला रुतायला जागा नसते. अशा छताचे तुकडे मोठे, ताटाएवढेही निघतात.

फक्त रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली जुना रंग शाबूत, पण चकचकीत दिसला, तर तो ऑइल पेंट आहे. जुन्या स्वयंपाकघरांच्या आणि बाथरूमच्या छतांवर तो हमखास असे. पॉलिश पेपर (घासायचा खरखरीत कागद) न मारता त्यावर पाण्याचा रंग दिला की तो धरत नाही. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर असेल तरी परिणाम तोच.

तुकडा दमट, मऊ, चुरा होणारा निघाला तर ओल आहे. पांढरे, कापसासारखे लोंबणारे स्फटिक दिसले तर तो खार: पाणी काँक्रीटमधले क्षार विरघळवून खाली आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगामागे साचून त्याला बाहेर ढकलतात. याला लोणा लागणं असंही म्हणतात.

तांबूस डाग, त्याला सरळ रेषेत चाललेली चीर आणि पत्र्याच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज, ही खूण मात्र रंगकामाची नाही. आतल्या सळ्या गंजल्या आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि स्लॅबचं कव्हर, म्हणजे सळ्यांखालचा काँक्रीटचा थर, फोडतो. तिथे पुट्टी भरून रंग मारणं धोक्याचं आहे, कारण काँक्रीटचा तुकडा कोणाच्या तरी डोक्यावर पडू शकतो. त्या जागेखालून पलंग, पाळणा, अभ्यासाचं टेबल आधी हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सुटलेलं काँक्रीट काढणं, सळ्या साफ करून गंजरोधक लावणं आणि पॉलिमर मॉर्टरने (चिकट रसायन मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) कव्हर पुन्हा बांधणं हे दुरुस्तीच्या ठेकेदाराचं काम आहे. घरमालकाने हौसेने करायचं नाही.

एकाच छतावर दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात. बाथरूमच्या बाजूला खार आणि बाकी सगळीकडे चुना, हा नेहमीचा जोड. म्हणून तुकडे कमीत कमी चार ठिकाणचे बघा.

ओल कुठून येते ते आधी

ओल असेल तर रंगाचं सामान आणू नका. उगम सापडून बंद होईपर्यंत काम पुढे नेण्यात अर्थ नाही.

आधी ओलीची वेळ बघा. फक्त पावसाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात पूर्ण सुकते, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. बाराही महिने सारखीच राहते, तर वरच्या घरातली दाबाच्या पाण्याची पाइपलाइन. सकाळी अंघोळीनंतर वाढते, तर वरच्या बाथरूमची नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जायचं तोंड), कमोडचा जोड किंवा फरशीच्या सांध्यातलं फिलिंग. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पंख्याच्या हुकाजवळ थेंब दिसत असतील, तर वरच्या मजल्यावरच्या एसीचा भिंतीत दडवलेला ड्रेन पाइपही तपासायला सांगा.

पंख्याच्या खोक्यातून टपकणारं पाणी फसवं असतं. स्लॅबमधून वायरींचे पाइप गेलेले असतात आणि पाणी त्यांच्यातून वाहत येऊन सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतं. गळती प्रत्यक्षात आठ-दहा फूट लांब असू शकते. तिथे वीज आणि पाणी एकत्र आहेत हेही विसरू नका. त्या सर्किटचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) बंद करा आणि इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत चालू करू नका.

वरच्या बाथरूमचा संशय असेल तर नहाणीचं तोंड कापडाने घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी साठवायचं आणि त्यात खाण्याचा रंग टाकायचा. 24 तासांत खाली रंगीत डाग उतरला की भांडण उरत नाही. उतरला नाही तर पाइपलाइनकडे वळायचं: वरच्या घरातले सगळे नळ बंद ठेवून पाण्याचा मीटर फिरतो का बघायचं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती मात्र ज्याच्या घरातून होते त्याने दुरुस्त करायची. संस्थेला पत्र द्यायचं असेल तर डागाचे तारखेसह फोटो जोडा.

ओल वरून येते की खोलीतल्याच वाफेची आहे, हे साध्या प्लास्टिकने कळतं. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा साधारण दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन छताला चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि 24 तास तसाच ठेवा. तिथला रंग सुटत असेल तर आधी तेवढी जागा खरवडा, नाहीतर टेप टिकणार नाही. प्लास्टिकच्या छताकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी स्लॅबमधून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर बसतेय. बाथरूममध्ये दुसरंच कारण बऱ्याचदा निघतं आणि त्याचा इलाज एक्झॉस्ट फॅन आहे, गळती शोधत फरशी फोडायची नाही.

एका गोष्टीबद्दल आमचं मत ठाम आहे. आतून लावायच्या ओलरोधक रंगांनी छताची गळती थांबत नाही. पाणी वरून उतरत असतं आणि रंग खालच्या बाजूला असतो, त्यामुळे पाणी रंगाच्या मागे साचतं आणि फुगे येतात. अडलेलं पाणी स्लॅबमध्येच मुरत राहतं ते सळ्यांना आणखी वाईट. वॉटरप्रूफिंग वरच्याच बाजूने करायचं.

दिवाळीच्या आधी की नंतर

घर दिवाळीआधी रंगवायचं हा आपला रिवाज. गळकं छत मात्र या रिवाजात बसत नाही. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. दिवाळी त्यानंतर कधी दहा-बारा दिवसांत, तर कधी महिनाभराने येते. चार महिने पाणी प्यायलेला स्लॅब इतक्यात सुकत नाही. पृष्ठभाग कोरडा दिसतो, आत ओल असते, आणि नवा रंग मारला की तीच ओल बाहेर यायचा रस्ता शोधते. छत फेब्रुवारी ते मे या काळात करा. भिंती हव्या तर दिवाळीआधी उरकून घ्या. गळती बंद झाल्यावर कमीत कमी चार ते सहा आठवडे थांबा, मग पुन्हा प्लास्टिकची चाचणी घ्या आणि ती कोरडी आली तरच सुरुवात करा. नव्या सिमेंट प्लास्टरलाही रंगाआधी 28 दिवस द्यावे लागतात.

10 बाय 12 च्या खोलीसाठी सामान

छत 120 चौरस फूट. निम्म्याहून जास्त रंग सुटलाय आणि उरलेलाही खरवडायचा आहे असं धरून:

- 4 इंची आणि 6 इंची पुट्टीचा पत्रा, एक तारेचा ब्रश, एक नायलॉनचा घासायचा ब्रश
- पॉलिश पेपर 120, 180 आणि 220 नंबरचे, प्रत्येकी चार-पाच. पेपर अडकवायचा दांडीचा ठोकळा मिळाला तर मान वाचते
- पाण्याचा वॉल प्रायमर 2 लिटर. डाग असतील तर ऑइल बेस प्रायमर अर्धा लिटर
- पुट्टी: सगळ्या छताला दोन हात द्यायचे तर 10 ते 12 किलो, फक्त खड्डे भरायचे तर 3 ते 5 किलो
- मॅट फिनिशचं इमल्शन दीड ते दोन लिटर
- 9 इंची रोलर, दांडी, रंगाचा ट्रे, अडीच इंची ब्रश
- स्प्रेची बाटली, दोन बादल्या, स्पंज, प्लास्टिक शीट किंवा ताडपत्री, मास्किंग टेप
- डोळ्यांना चिकटून बसणारा गॉगल, एन-95 मास्क, टोपी, हातमोजे

डब्यावर लिहिलेलं क्षेत्रफळ गुळगुळीत, एकसारख्या पृष्ठभागाचं असतं. खरवडलेलं छत रंग जास्त पितं, म्हणून दोन हातांसाठी लिटरमागे 80 ते 100 चौरस फूट धरा.

पंखा उतरवणं सगळ्यात चांगलं. ते जमत नसेल तर एमसीबी बंद करून पंख्याची वरची वाटी खाली सरकवा आणि मोटर-पाती प्लास्टिकमध्ये गुंडाळा. घडीची शिडी पूर्ण उघडून वापरा. टेबलावर स्टूल चढवून छत खरवडणं हा पडण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण खरवडताना आपण वर जोर लावतो आणि पाय निसटतात.

जुन्या ऑइल पेंटबद्दल एक सावधगिरी. घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या इनॅमलमध्ये, म्हणजे ऑइल पेंटमध्ये, शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून ओला घासा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको, आणि धूळ झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

खरवडणं

पत्रा छताला 20-30 अंशांत धरून सुटलेल्या काठापासून धरलेल्या भागाकडे ढकलत जा. सहज निघतंय तिथे थांबू नका आणि निघत नाही तिथे स्लॅब खणू नका. पत्रा मध्यम जोर लावूनही सरकत नाही, तिथे काठ ठरवायचा. मग ती काठाची जागा टेपने तपासा: चांगला चिकटणारा टेप काठावरच्या जुन्या रंगावर घट्ट दाबा, झटक्याने ओढा. टेपवर रंगाचे तुकडे आले तर काठ अजून आत न्यायचा.

छताचा निम्म्याहून जास्त भाग सुटत असेल तर पूर्ण छत खरवडा. इथे बरेच जण हात आखडता घेतात. पण धरलेला दिसणारा जुना रंगही त्याच कमजोर थरावर उभा आहे, आणि नवा ओला रंग त्याची परीक्षा घेणारच. चार महिन्यांनी उरलेला भाग सुटला की शिडी, प्लास्टिक, धूळ, सगळं पुन्हा.

चुना असेल तर कोरडा खरवडू नका. धूळ फार उडते आणि डोळ्यांत गेली तर झोंबते. तीन-चार चौरस फुटांचा भाग स्प्रेने भिजवा, 10 ते 15 मिनिटं मुरू द्या, पुन्हा एकदा हलकं मारा आणि मग पत्रा लावा. थर लापशीसारखा निघून येतो. पाणी इतकंच की छत ओलं होईल, धार लागणार नाही. पंख्याच्या आणि दिव्यांच्या पॉइंटभोवती हातभर जागा कोरडीच घासायची. नंतर नायलॉनच्या ब्रशने घासून स्पंजने दोन-तीन वेळा पुसा, प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्याने. गढूळ पाण्याने पुसलं तर चुना पातळ होऊन सगळ्या छतावर परत पसरतो आणि सुकल्यावर भुकटीचा नवा थर तयार. सुकल्यावर काळं कापड जोरात फिरवून बघा. पांढरं होत असेल तर पुन्हा पुसायचं. यानंतर दोन-तीन दिवस वाळू द्या.

ऑइल पेंट चांगला धरलेला असेल तर तो काढायची गरज नाही. धुण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने तेलकटपणा काढा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि चमक पूर्ण मरेपर्यंत 180 नंबरने ओला घासा.

शटरिंगच्या तेलाचं छत असेल तर सगळी पुट्टी उतरवावीच लागते. उघड्या काँक्रीटवर पाणी मारा. पाणी मोत्यासारखं ओघळलं तर तेल आहे, पसरून काळपट डाग पडला तर नाही. तेल असेल तिथे साबणाच्या पाण्याने आणि तारेच्या ब्रशने घासा, धुवा, आणि स्वच्छ पाणी मारून तीच चाचणी पुन्हा घ्या. तारेच्या ब्रशने पृष्ठभाग जरा खडबडीत होतो, तेही हवंच आहे.

खार, बुरशी आणि डाग

खार कोरडाच झटकायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा काँक्रीटमध्ये शिरतात. झटकल्यावर आठवडाभर थांबा. पुन्हा उगवला तर पाणी अजून कुठून तरी येतंय आणि मागच्या टप्प्यावर जायचं.

बुरशीचे काळे ठिपके नुसते रंगाखाली झाकले तर महिन्या-दोन महिन्यांत वर येतात. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग असं मिश्रण स्पंजने लावा, 15 मिनिटांनी धुऊन टाका. खिडक्या उघड्या, गॉगल आणि हातमोजे घातलेले. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गळतीचा पिवळा-तपकिरी डाग ही वेगळी कटकट. छत पूर्ण सुकलेलं असतं, तरी पाण्याचा रंग मारला की डाग उमटतोच, दुसऱ्या हातानंतरही उमटतो. डागातले घटक पाण्यात विरघळणारे असतात आणि ओल्या रंगातून वर चढतात. त्यावर फक्त डागाच्या पुढे चार बोटं जाईल एवढा ऑइल बेस प्रायमर लावा आणि रात्रभर वाळू द्या. त्याचा वास जातो तोवर त्या खोलीत झोपू नका.

पुट्टी कुठली आणि कशावर

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दुकानात दोन प्रकारची पुट्टी मिळते आणि त्यांची जागा वेगळी आहे.

व्हाइट सिमेंटची पुट्टी पावडर रूपात येते. ती उघड्या काँक्रीटला किंवा प्लास्टरला धरते, कारण सिमेंटला छिद्रं असलेला, पाणी शोषणारा पृष्ठभाग लागतो. जुन्या इमल्शनवर किंवा ऑइल पेंटवर ती मारली की वाळून पापडासारखी उचलते. लावण्याआधी प्रायमर नको. उलट पृष्ठभाग पाण्याने हलका ओलसर करायचा, नाहीतर कोरडं काँक्रीट पुट्टीतलं पाणी ओढून घेतं आणि ती कच्ची राहते. एक किलो पावडरला साधारण 350 ते 400 मि.ली. पाणी, नक्की प्रमाण पिशवीवर बघा. गुठळ्या मोडून 10 मिनिटं ठेवा, पुन्हा घोटा आणि दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पाणी घालून ती पुन्हा मऊ करणं म्हणजे तिची ताकद मारणं.

ॲक्रिलिक पुट्टी तयार लगद्याच्या डब्यात येते. ती प्रायमर मारलेल्या पृष्ठभागावर लावायची, खाली जुना रंग शाबूत असला तरी चालते. ओलीत टिकत नाही, म्हणून बाथरूमच्या छताला टाळा.

तेव्हा पूर्ण खरवडून काँक्रीटपर्यंत आलेल्या छताला सिमेंटची पुट्टी. आणि काही भाग खरवडलेला, बाकी जुना रंग धरलेला अशा छताला आधी प्रायमर, मग ॲक्रिलिक. चुना काढलेल्या छतावर किंचित भुकटी राहिल्याची शंका असेल तर तिथेही हाच दुसरा क्रम बरा, कारण प्रायमर ती भुकटी बांधून घेतो. प्रायमर वाळल्यावर टेपची चाचणी मात्र घ्या. टेप पांढरा निघाला तर प्रायमर चुन्यावरच बसलाय आणि अजून धुवायला हवं.

थर पातळ ठेवा. सिमेंटच्या पुट्टीचे दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. पहिल्या हातानंतर तीन-चार तास, दुसऱ्यानंतर रात्रभर. खोल खड्डा एकदम पुट्टीने भरला तर तो तडकतो आणि वजनाने सुटतो. तिथे पॉलिमर मॉर्टर वापरा.

जुन्या रंगाचा काठ नीट विरवणं हे चिकाटीचं काम. आधी 120, मग 180 नंबरने काठ असा घासायचा की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी जाणवू नये. त्यानंतर पुट्टी काठापलीकडे पाच-सहा इंच पसरत न्यायची. शेवटी 220 ने घासा. टॉर्च छताला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडला की उंच-सखल भाग सावल्यांनी दिसतो. रात्री ट्यूबलाइटमध्ये जे दिसणार आहे ते आत्ताच बघून घ्या.

बारीक चिरा नुसत्या पुट्टीने बुजत नाहीत. वरच्या मजल्यावर ऊन-थंडीने स्लॅब हलतो, म्हणून भिंत आणि छत यांच्या सांध्यातली चीर दरवर्षी परत येते. ती पत्र्याच्या कोपऱ्याने तीन ते पाच मिलिमीटर रुंद उघडा, धूळ झटका आणि ताणला जाणारा ॲक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा.

पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिसचं) छत भिजून मऊ झालं असेल तर ते सुकवून वाचत नाही. बोटाने दाबून खड्डा पडतो तेवढा भाग कापून नवा बसवा. फॉल्स सीलिंगच्या वर गळती असेल तर आधी एक चौकोन कापून मूळ स्लॅब बघा.

प्रायमर आणि रंग

घासल्यावरची धूळ कोरड्या ब्रशने झटका, मग जेमतेम ओलसर फडक्याने पुसा. धुळीवर मारलेला प्रायमर धुळीलाच चिकटतो. पुट्टी झालेल्या छताला प्रायमरचा एक पूर्ण हात हवाच. तो न देता रंग मारला तर पुट्टीने रंगातलं पाणी आणि चिकट घटक शोषून घेतले जातात आणि छत ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. प्रायमर रात्रभर वाळू द्या.

रंग मॅटच घ्या. चमकदार रंगात रोलरची प्रत्येक ओढ आणि पुट्टीचा प्रत्येक ठिगळ दिसतो. बाथरूमला मात्र धुता येईल असं बुरशीरोधक इमल्शन. पाणी डब्यावरच्या मर्यादेत, आणि छताला त्यातही कमी बाजूने: रंग पातळ झाला की अंगावर थेंब येतात आणि झाकण्याची ताकद जाते.

पंखा बंद, खिडकी उघडी पण थेट झोत नको. हवेत दमटपणा 85 टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी रंग लावू नका. ब्रशने कडेला दोन-तीन इंचांची पट्टी मारून घ्या, पण एका वेळी एकाच बाजूची. चारही बाजू आधी रंगवल्या तर त्या वाळतात आणि रोलरशी जोड चौकटीसारखा दिसतो. रोलर भरून ट्रेवर निथळा, खिडकीच्या बाजूने सुरू करा, तीन बाय तीन फुटांचा भाग आडवा-उभा भरा आणि शेवटची हलकी ओढ उजेड येतो त्या दिशेने द्या. पुढचा भाग आधीच्या ओल्या काठावर चढवत न्या. छत एकदा सुरू केलं की पूर्ण करूनच खाली उतरा. दुसरा हात चार तासांनी, दमट हवेत सहा-आठ तासांनी.

पहिल्या हातानंतर अर्ध्या-एक तासात कुठेतरी फुगा उठला तर हात लावू नका आणि त्यावर रोलर तर अजिबात फिरवू नका. ओल्या रंगातल्या पाण्याने खालचा राहिलेला चुना किंवा जुना डिस्टेंपर मऊ झालाय. रोलर फिरवला की तो भाग उचलून रोलरला गुंडाळला जातो आणि शेजारचा चांगला रंगही घेऊन येतो. लहान फुगे वाळताना पुष्कळदा बसतात, पण बसले म्हणजे धरले असं नाही. पूर्ण रात्र जाऊ द्या, सकाळी फुग्याच्या जागी पत्रा लावा, निघतंय तेवढं काढा, काठ घासा, प्रायमर, ॲक्रिलिक पुट्टीचा पातळ हात, पुन्हा प्रायमर, आणि मग पूर्ण छताला दुसरा हात.

एका खोलीचा हिशोब साधारण असा बसतो: खरवडणं आणि धुणं एक-दोन दिवस, वाळणं दोन-तीन दिवस, पुट्टी आणि घासणं दोन दिवस, प्रायमर एक दिवस, रंग एक दिवस. तीन दिवसांत छत करून देतो म्हणणाऱ्या पेंटरला वाळण्याचे दिवस कुठले धरलेत ते विचारा.

उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवा, डब्यावर शेड नंबर आणि तारीख लिहा. मेच्या शेवटी गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याच्या जाळ्या साफ करून घ्या, कारण तुंबलेल्या जाळीमुळे साचणारं पाणी हेच वरच्या मजल्यावरच्या गळतीचं मोठं कारण असतं. मग जुलैमध्ये, पाऊस चार दिवस सलग पडल्यानंतर, टॉर्च आडवा धरून दुरुस्त केलेल्या जागा एकदा बघा. जुन्याच जागी ओलसर सावली दिसली तर वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला त्याच आठवड्यात बोलवा. पाणी वाहत असतानाच ते कुठून शिरतं हे नेमकं दिसतं.